अकरा नंबर उत्तर देत नाही

मिनिआपोलिस, १९९९

२६ ऑक्टोबर, मंगळवार

सिग्ने, लिहायला फार उशीर केला, माफ कर. तू जाताना ही वही टेबलावर ठेवून म्हणालीस, "फोन करावासा वाटला की यात लिही." त्याला आता बरेच दिवस होऊन गेले आणि पहिलं पान मी आज उघडतोय. लिहायला बसलो की तू खरंच गेलीस असं होईल, असं वाटत होतं. शिवाय माझं अक्षर तुला माहीत आहे. आठवीनंतर वडिलांनी मला बीटच्या शेतावर जुंपलं, तेव्हापासून पेन हातात येतं ते सहीपुरतं.

तुझ्या अटी मला पाठ आहेत. फोन करायचा नाही. कुणाला बघायला पाठवायचं नाही. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा तू बोलशील. यातलं एक जरी मी मोडलं तर तू ग्रँड मरेला बहिणीकडेच, बोर्गहिल्डकडे राहणार, परत येणार नाहीस. हे तू कोटाची बटणं लावत, आवाज न चढवता सांगितलंस. आवाज चढवला असतास तर मी इतका घाबरलो नसतो.

शेजारच्या हॅरिएटला मी सांगितलंय की तुझ्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून तू गेलीस. ऑपरेशन झालंय हे काही खोटं नाही.

त्या दिवसाचं मात्र मला अजून पटत नाही. मी कामावरून दर तासाला फोन करतो, यात नवीन काय? तू उचलतेस, "आहे रे बाबा, जिवंत आहे" म्हणतेस, मी ठेवतो. त्या दिवशी घंटी वाजत राहिली. पुन्हा केला, पुन्हा तेच. आपल्या तळघराचा जिना कसा आहे तुला ठाऊक आहे. माणसाने काय समजायचं? मी बंब बोलावला. त्यांनी कुऱ्हाडीने मागचं दार फोडलं तेव्हा तू टबमध्ये रेडिओ ऐकत पडली होतीस, हे मला इतक्या लांबून कसं दिसणार?

दार नवीन बसवून घेतलंय. रंग तोच मिळाला नाही.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

आज आमचा मुख्य, क्वाम, सगळ्यांसमोर म्हणाला, "अर्विडसाहेब, फोन मोकळा कसा हल्ली? आम्हाला वाटायचं तो तुमच्याच नावावर आहे." सगळे हसले. मीही हसलो. मग तारा गुंडाळायच्या निमित्ताने मागे गेलो.

तासातासाला फोन करायचो, पण इथे काय काम चालतं ते तुला कधी सांगितलंच नाही. आहेस ना? आहे. संपलं. म्हणून आता लिहितो. समजलं नाही तर पान उलट.

आमच्या खोलीत सोळा मशीनं आहेत, म्हणजे कॉम्प्युटर. इतर ऑफिसांत प्रत्येक मशीनची डिस्क आपली आपली, वेगळी चूल. इथे सोळांत मिळून एकच डिस्कांचं कपाट, नारिंगी केबलींनी सगळ्यांना जोडलेलं. कुठल्याही मशीनवर बसा, तेच कागद दिसतात, तेच लिहिता येतात. एखादं बंद पडलं तर बाकीची काम पुढे नेतात. क्वाम म्हणतो, पुढे मोठी कामं सगळी अशीच होणार. होतील बुवा.

भानगड एवढीच की दोघांनी एका कागदावर एकदम लिहिलं तर चिखल होतो. म्हणून प्रत्येक कागदाला किल्ली. ज्याच्याकडे किल्ली तोच लिहिणार, झालं की पुढच्याला देणार. आणि प्रत्येक मशीनने थोड्या थोड्या वेळाने बाकीच्यांना सांगायचं, 'मी आहे.' एखादं गप्प झालं की बाकीची जरा थांबतात, मग ठरवतात की हे गेलं. गेलं म्हटलं की आधी त्याची वीज तोडायची. मग त्याच्या किल्ल्या काढून घ्यायच्या. काय करणार आहोत ते प्रत्येक मशीन आधी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवतं. गेलेल्याची रोजनिशी दुसरं कुणीतरी वाचतं आणि त्याचं अर्धवट राहिलेलं निस्तरतं.

म्हणजे इथे रोजनिशी वाचतात ती मेल्यावर. तू माझी त्याआधी वाचलीस तर बरं.

हे सगळं मला माई यियाने समजावलं. ती इथली सगळ्यांत हुशार पोरगी, लाओसहून आलेल्या हमोंग लोकांतली, सेंट पॉलला राहते. त्यांच्यात वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारत नाहीत म्हणून मला आजोबा म्हणते. मी तिला म्हटलं, "तुमची ही 'मी आहे'ची पद्धत मी चाळीस वर्षं घरी चालवतोय."

ती म्हणाली, "आणि आजी कंटाळल्या नाहीत?"

"छे! ती का कंटाळेल?"

ती वळली. तिच्या स्क्रीनवर काहीतरी आलं होतं.

२ नोव्हेंबर, मंगळवार

घर तापवायच्या भट्टीची जाळी बदलली. पायऱ्यांवर टाकायचं मीठ आणून ठेवलं. तुझ्या गाडीची बॅटरी घरात घेतली, थंडीत मरते.

कामावर मशीनच्या खोलीत एक डबा होता, गप्प झालेल्या मशीनची वीज आपोआप तोडणारा. तो काल जळाला, मला वास आला होता. नवीन यायला वेळ आहे. तोवर ते काम माझं. स्क्रीनवर पाटी येते: अमुक नंबर उत्तर देत नाही, त्याची वीज तोडा, मग 'हो' लिहा. मी जायचं, त्या मशीनचा प्लग उपटायचा, परत यायचं, 'हो' लिहायचं. मी 'हो' म्हणेपर्यंत बाकीची पंधरा जागच्या जागी थांबून राहतात.

क्वामने बजावलं, "आधी प्लग, मग हो. कळलं? उलटं नाही. मधलं काही गाळायचं नाही."

"मी काय लहान मूल आहे?"

"लहान मुलांना मी हे काम दिलं नसतं. ती प्रश्न विचारतात."

आज अकरा नंबर गप्प झाला. मी प्लग उपटला तेव्हा त्याचा पंखा चांगला फिरत होता. हाताला ऊबही होती. मी माई यियाला म्हटलं, हा जिवंत होता.

"असेल."

"असेल म्हणजे? मग मारला कशाला?"

"आजोबा, तो बोलत नव्हता. त्याच्या मनात काय चाललंय ते बाकीच्यांना कसं कळणार?"

"कामात असेल. कामात असलं की माणूस उत्तर देत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "हे तुम्ही म्हणताय?" मला तिच्या बोलण्याचा रोख कळला नाही. या पोरींचं काही कळतच नाही.

७ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये लूटफिस्कचं जेवण होतं. तू नसताना मी पहिल्यांदाच गेलो. मासा नेहमीसारखाच थुलथुलीत. लेफ्से पोळ्या कुणीतरी नव्या बाईने लाटल्या होत्या, जाड. मी दोनच खाल्ल्या. तू लाटतेस त्यांतून पलीकडचा हात दिसतो.

हॅरिएट शेजारी येऊन बसली. "सिग्ने कधी येतेय?"

"खुबा बरा झाला की."

"खुबा बोर्गहिल्डचा ना? मग तुझा चेहरा का असा?"

मी म्हटलं, मासा बरा नाही. ती म्हणाली, "अर्विड, मासा कधीच बरा नसतो." आणि माझ्या ताटात स्वतःची पोळी टाकली. तिला सगळं माहीत आहे की काय? बंब आला तेव्हा ती खिडकीतच होती म्हणा.

घरी येताना गाडीत तुझ्या बाजूचा पट्टा दारात अडकलेला दिसला. मीच कधीतरी तसंच दार लावलं असणार. तो सोडवून नीट लावला.

१० नोव्हेंबर, बुधवार

आज फोन उचलला. नंबर न फिरवता फक्त तो सारखा येतो तो आवाज ऐकला, आणि ठेवला. हे फोन करणं होत नाही.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

सिग्ने, आज मी बोर्गहिल्डचं घर पाहिलं! घाबरू नकोस, आलो नाही.

मंगळवारी आमच्याकडे फार्गोची माणसं येणार आहेत. विमानातून जमिनीचे फोटो काढून त्यांचे नकाशे करणारी कंपनी आहे. त्यांचे फोटो इतके प्रचंड की एका मशीनच्या आवाक्यात बसत नाहीत, म्हणून त्यांना सगळ्यांनी मिळून वापरायची डिस्क हवी. त्यांनी चाचणीसाठी फोटो पाठवलेत, आणि ते कुठले असावेत? सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठाचे. डुलुथपासून थेट वर.

मी माई यियाला विचारलं, ग्रँड मरे दिसेल का? तिने भराभर काठ सरकवला. मोठं केलं, आणखी मोठं केलं. धक्का दिसला, दीपगृह दिसलं, मग टेकडीवरचा रस्ता आणि बोर्गहिल्डचं हिरवं छप्पर. मागे कपडे वाळत घातलेले. मी स्क्रीनला नाक लावून बसलो.

"कोण राहतं तिथे?"

"माझी बायको आहे तिथे सध्या. बहिणीचं ऑपरेशन झालंय."

"अच्छा." मग फोटोच्या कोपऱ्यातली तारीख बघून म्हणाली, "आजोबा, हा फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे. उन्हाळ्यातला. तेव्हा आजी तुमच्याकडेच असतील."

खरंच की. म्हणजे तू जिथे नव्हतीस ते छप्पर मी इतका वेळ बघत होतो, आणि त्या दिवशी तू होतीस ते आपलं घर त्या फोटोत नाही. तरी जेवायच्या सुट्टीत पुन्हा जाऊन पाहिलं.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

वाईट झालं. अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी आलो. छप्पर शोधायला मला दर वेळी फार वेळ लागतो, सगळी झाडं सारखी दिसतात. म्हणून अकरा नंबरवर तो अख्खा काठ उघडला, छप्पर शोधलं, आणि रंगाच्या कुंचल्याने त्यावर बारीकशी लाल फुली मारली. पुन्हा चटकन सापडावं, एवढंच. आणि 'जतन करा' दाबलं. ते जतन होतच राहिलं. अख्ख्या काठाचा तो कागद, केवढा असेल! मी स्क्रीन विझवून कॉफी करायला गेलो.

फार्गोची माणसं आली. तिघं जण, एक बाई त्यांची मुख्य. क्वाम नवा शर्ट घालून आला होता, घडीची रेघ तशीच. पलीकडच्या खोलीत मोठ्या पडद्यावर त्याचं सुरू झालं आणि इकडे माझ्यासमोर पाटी आली: अकरा नंबर उत्तर देत नाही. त्याची वीज तोडा.

मी गेलो. वाकलो. प्लग हातात धरला. अकरा नंबरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, भराभर. पंखा जोरात. मेलेल्याचा दिवा असा लुकलुकतो का? मला कळत होतं तो काय करतोय ते. तो माझी फुली लिहीत होता. एवढं मोठं ओझं उचललंय, त्याला 'मी आहे' म्हणायला सवड नाही. मी प्लग उपटला असता तर त्याला अर्ध्यातच मारला असता.

पलीकडून क्वाम ओरडला, "अर्विड! सगळं अडलंय! हो म्हणा!"

मग त्या बाईचा आवाज आला, "हे नेहमी असंच थांबतं का?"

क्वाम पुन्हा, "अर्विड, हो!"

मी प्लग सोडून दिला आणि जाऊन 'हो' लिहिलं. वाटलं, तो आपला आपण पुरं करील, बाकीचे आपलं चालू ठेवतील, कुणाचं काय जातंय.

पंधराही मशीनं लगेच धावू लागली. पलीकडे क्वामचा आवाज पुन्हा खुलला. मग थोड्याच वेळाने त्या बाई म्हणाल्या, "हे काय?" मी दारात जाऊन पाहिलं. पडद्यावर काठ होता, पण पट्ट्यापट्ट्यांचा. तळ्यात रस्ता गेलेला. धक्का जंगलात. ग्रँड मरेच्या जागी नुसत्या राखाडी रेघा. बघता बघता त्या रेघा खाली खाली पसरत गेल्या, जवळजवळ डुलुथपर्यंत.

बाई फार सभ्य होत्या. म्हणाल्या, वसंतात पुन्हा बघू. त्यांनी कोट घातले आणि गेले.

माई यिया माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "आजोबा, प्लग काढला होता ना?"

मी हो म्हटलं.

१७ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दारातच तिला सांगितलं. नव्हता काढला. फुलीचंही सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. अकरा नंबरच्या रोजनिशीत सगळं आहे. मी काल संध्याकाळीच वाचली. तुम्ही सांगता का ते बघत होते."

क्वामला मात्र सांगावं लागलं. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "फुली? अर्विड, फुली? वर्षभर बारा माणसं राबली, आणि तुम्ही छपरावर फुली मारलीत?" मग खुर्चीत बसून हसायला लागला, पण ते हसणं बरं नव्हतं. मला काढून टाकलं नाही. प्लगला हात लावायचा नाही म्हणाला. कॉफी, झाडलोट, खोकी, एवढंच.

मी माई यियाला विचारलं, झालं काय नक्की? तो आपलं काम पुरं करत होता, एवढंच ना?

ती म्हणाली, "तुम्ही 'हो' म्हणालात. बाकीच्यांनी विश्वास ठेवला की तो गेला. त्यांनी त्याच्या किल्ल्या घेतल्या, त्याचे कागद घेतले, पुढचं लिहायला लागले. आणि याला त्यातलं काहीच माहीत नाही. किल्ली अजून आपल्याकडेच आहे असं समजून हा आपलं जुनं त्यांच्या नव्यावर लिहीत सुटला."

"पण त्याचा हेतू वाईट नव्हता."

"नव्हताच. मेलेल्या मशीनची मला भीती नाही, आजोबा. ते काही करत नाही. भीती याचीच असते. जिवंत आहे, भला आहे, जोर लावून काम करतोय, आणि बाकीचे पुढे निघून गेलेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही."

"कुणी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असेल. पण तो इतका गुंतलेला होता की त्याला ऐकू गेलं नाही."

सिग्ने, मला अकरा नंबरची फार दया आली. दिवसभर त्याच्याजवळून जाताना मी त्याच्यावर हात ठेवत होतो. त्याला पुन्हा पहिल्यापासून चालू केलंय. ते म्हणतात, बाहेर पडलेलं मशीन परत आलं तर त्याला आधीचं काहीच मिळत नाही. रिकाम्या हाताने यायचं, दारात उभं राहून विचारायचं, बाकीच्यांनी घेतलं तर आत. मला हे कठोर वाटलं. इतक्या वर्षांचा हक्क असा जातो का?

२२ नोव्हेंबर, सोमवार

नवा डबा आला. आता वीज आपोआप तुटते. मी नुसता आवाज ऐकतो, टक्.

रेडिओवर सांगितलं की सुपीरियरवर काल मोठं वादळ झालं. उत्तर काठाला लाटा रस्त्यावर आल्या, एकसष्ट नंबरचा रस्ता ठिकठिकाणी बंद, तारा तुटल्या. ग्रँड मरेचं नाव घेतलं. दोनदा.

बोर्गहिल्ड अजून वॉकरवर. तू लाकडं आणायला मागे जात असशील. त्या मागच्या पायऱ्यांना कठडा नाही. मी मागच्याच्या मागच्या वर्षी म्हटलं होतं, कठडा लावून देतो. लावू दिला नाहीत.

माझ्या अटीत वादळाचं काही नव्हतं. तुझ्या अटीत, म्हणजे. वादळात काय करायचं ते तू सांगितलंच नाहीस.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

फोन नाही. दिवसभर घरीच बसलो, कामावर गेलो नाही. बर्फ काढायलाही बाहेर गेलो नाही, घंटी ऐकू आली नाही तर म्हणून. हॅरिएटने येऊन माझ्या दारातला बर्फ काढला आणि खिडकीतून मला वेडा म्हणाली. काचेतून ऐकू आलं नाही, पण ओठ कळले.

२४ नोव्हेंबर, बुधवार

सगळं लिहितो. मग तुला काय करायचं ते कर.

सकाळी मी फोन केला. तुला नाही. तिकडच्या शेरीफच्या कचेरीत. एका बाईने उचलला, वयस्कर असावी, आवाज दमलेला.

"बोला, काय झालं?"

मी म्हटलं, "माझी बायको उत्तर देत नाही."

"कुठे राहतात त्या?"

"ग्रँड मरेला. बहिणीकडे."

"तुम्ही शेवटचा फोन कधी केलात त्यांना?"

मी म्हटलं, "केला नाही."

"वादळानंतर नाही केलात?"

"आधीही नाही. करायचा नाही असं ठरलंय."

मग ती म्हणाली, "मग त्या उत्तर देत नाहीत हे तुम्हाला कसं कळलं?"

सिग्ने, मी तोंड उघडं ठेवून बसलो होतो. ती बाई म्हणाली, "हॅलो? आहात ना?"

मी म्हटलं, "आहे."

"हे बघा, इथे कुणाला काही झालेलं नाही. दोन-तीन बोटी गेल्या, एका गोदामाचं छप्पर गेलं. फोन काल दुपारपासून सगळीकडे सुरू आहेत. तरी मी माणूस पाठवते. नाव आणि पत्ता सांगा."

पत्ता माझ्या जिभेवर होता. टेकडीवरचा रस्ता, हिरवं छप्पर. गाडी गेली असती, दार वाजवलं असतं, तू उघडलं असतंस, आणि मला कळलं असतं.

"साहेब? नाव?"

मी म्हटलं, "नको. तिला बरं वाटणार नाही."

"नक्की?"

"नक्की नाही. पण नको."

ती म्हणाली, "बरं. जपा." मी फोन ठेवला.

फोन काल दुपारपासून सुरू आहेत. हे मी विचारलं नव्हतं. ते तिने सांगायला नको होतं.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

काल थँक्सगिव्हिंगला माई यियाने मला त्यांच्याकडे नेलं. नको नको म्हणत होतो, पण तिचा भाऊ गाडी घेऊन दारातच उभा राहिला. घरात पंचवीस-तीस माणसं असतील. टर्की होती, शिवाय चिकट भात आणि एक तिखट चटणी, डोळ्यांतून पाणी आलं. निमित्त झालं तेवढंच. कोण कुठे गेलंय, कोण कधी येणार, कुणी विचारत नव्हतं. बायका आत-बाहेर करत होत्या. एक काका जेवून कोट घालून निघून गेले, तर कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. मला राहवेना, मी विचारलं, ते कुठे गेले? सगळे माझ्याकडे बघायला लागले. माई यियाची आई म्हणाली, "येतील की."

निघताना मी माई यियाला विचारलं, "एखादं मशीन गप्प झालं की बाकीच्यांनी किती थांबायचं, हे तू कसं ठरवतेस?"

"बरोबर आकडा असा नसतोच, आजोबा. कमी ठेवला तर जिवंताला मारता. जास्त ठेवला तर सगळे खोळंबून बसतात. म्हणून आधी सगळ्यांनी मिळून एक आकडा मान्य करायचा. तो संपेपर्यंत कुणी काही करायचं नाही."

"आणि तोवर?"

"तोवर काय? आपापलं काम करायचं."

आपलं असं कधी ठरलंच नव्हतं, सिग्ने. मी एकट्यानेच ठरवला होता, दर तासाला. तुला विचारलं होतं का? मला आठवत नाही. विचारलं नसणार.

पत्र पाठवू नकोस असं तू म्हणाली नव्हतीस. तुझं कोट घालतानाचं सगळं बोलणं मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, पत्राचं त्यात नाही. म्हणून हे आजचं आणि बुधवारचं पान दुसऱ्या कागदावर उतरवून पाठवतोय. बाकीची वही तू मागितलीस तरच देईन. शेरीफच्या बाईंचंही आत आहे. ते अट मोडणं झालं की नाही हे तू ठरव, मी माझ्या बाजूने वाद घालणार नाही. जरा घालीन कदाचित.

तू ये असं मी इथे लिहीत नाही. लिहिलं होतं, खोडलं. घर आहे तसं आहे. मागचं दार नीट लागतं. मी संध्याकाळी दिवा लावतो तो माझ्यापुरताच लावतो असं समज. तुझी आठवण कशी येते ते मला लिहिता येत नाही. दुपारी कामावर घड्याळात तास पुरा होतो, माझा हात फोनकडे जातो आणि मी तो खिशात घालतो. असं दिवसभर.

फक्त एवढं सांग, मी किती थांबायचं. नाताळापर्यंत म्हण, बर्फ वितळेपर्यंत म्हण, आणखी एक वर्ष म्हण. मी तेवढं थांबेन, मधे कुणाला विचारणार नाही, कुणाला पाठवणार नाही. थांबूच नकोस असं असेल तर तेही लिही, मी वाचेन. एका ओळीचं कार्ड पुरे. टपालाची गाडी रस्ता सुरू झाला की रोज जाते म्हणे, मी पोस्टात विचारलं. मोठा आकडा असला तरी चालेल, सिग्ने, पण तो तुझा असू दे, आणि मला लवकर कळव.